माया

डॉक्टर म्हणाला, "स्लीव्ह करू."
स्लीव्ह म्हणजे बाही.
सव्वीस वर्षं मी बाह्याच लावतेय भांडुपच्या गाळ्यात,
पफ, मेगा, कोपरापर्यंत.
पोटालाही बाही शिवतात
हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

हा पहिला, वांद्र्याचा.
लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे.
पाणी मागितलं तर पुदिन्याचं.
त्यानं माझ्या आधी पॅकेज बघितलं :
साडेसहा लाख, एकटीला खोली, हप्त्यांची सोय.
भिंतीवर आधीच्या आणि नंतरच्या बायका.
मी त्यांचे ब्लाउज बघत होते.
'नंतर'मधल्या एकीचाही मुंढा चुकलेला.

दुसरा चेंबूरचा. दोन नव्वद.
"काही होत नाही हो मावशी, तिसऱ्या दिवशी घरी."
मी विचारलं, आजवर उसवल्या किती?
नुसता हसला.
माझी शिवण उसवतच नाही म्हणणाऱ्या शिंप्याकडे
मी काजंसुद्धा टाकत नाही.

तिसरी भायखळ्याची, नफीसा लोखंडवाला.
लिफ्ट बंद होती.
मी पहिल्याच जिन्यावर बसले, गुडघे धरून.
ती खाली आली, बाजूला पायरीवर टेकली.
"सातशे बारा केल्या. पाच गळल्या.
एक बाई गेली."
नाव सांगितलं नाही, पण जरा वेळ गप्प राहिली
नाव आठवत असल्यासारखी.
मी तिचे हात बघितले.
नखं मुळापर्यंत कापलेली,
हात मांडीवर स्वस्थ.

चार लाख वीस हजार.

विम्याचं पत्र आलं :
सदर शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी असल्याने.
मी उलट टपाली लिहिलं,
साखर तीनशे दहा, वजन एकशे अठरा,
रात्री झोप बसल्या बसल्या, भिंतीला टेकून,
यातलं सौंदर्य कुठलं
तेवढं कृपया कळवावे.
अजून कळवलेलं नाही.

एफडी मोडली.
भिशी या खेपेला तारामतीची होती, तिनं मला दिली,
वर म्हणाली, बारीक हो, पण माझं माप विसरू नकोस.
नवरा म्हणाला, चालायला जा, चालणं फुकट असतं.
आणि चालत गेला, कोपऱ्यापर्यंत, पेपर आणायला.
चौथ्या दिवशी मशीनवर कात्रीखाली
त्याचं पासबुक होतं.
मी विचारलं नाही, तो बोलला नाही.

पाटल्या मात्र निघेनात.
साबण झाला, खोबरेल झालं, प्लास्टिकची पिशवी घालून झाली.
शेवटी सोनारानं कापल्या.
पहिली शस्त्रक्रिया ती, भूल न देता.
घट धरून एक लाख चौतीस.
मनगटावर पांढरा पट्टा राहिला,
बावीस वर्षं ऊन न बघितलेला.

काल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
माया किती ठेवणार?
तिला कळेना.
मग सांगितलं : शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं कापड सोडतो.
बाई भरली, बाळंत झाली,
की उसवायचं, सैल करायचं.
त्याला माया म्हणतात.

ती म्हणाली, "नाही. तीच तर आम्ही कापून टाकतो.
पोट पुढे थोडं ताणेल आपोआप,
पण कापलेलं परत लावता येत नाही."

गेलेल्या बाईचं जसं सरळ सांगितलं
तसंच हेही.
मी सही केली. पेन चालेना, दोनदा गिरवली.

सोमवारी सकाळी सातला यायचंय, उपाशी.
गाळ्यावर पुठ्ठा लावलाय : आठ दिवस बंद.
गिऱ्हाइकांचे चौदा ब्लाउज देऊन झाले.
एक राहिला, माझा.
कापड उलगडून खडू हातात घेतला,
छाती किती लिहू, दंड किती,
कुणाचं माप घेऊ?
टाचण्या टोचून तसाच ठेवून आले.